अकरा कामांची पक्कड

गोंदिया स्टेशनच्या बाहेर, ऑटो लागतात त्या बाजूला, एक माणूस जमिनीवर प्लास्टिक अंथरून चायना माल विकायचा. टॉर्च, नेलकटर, कुलपं. त्यातच एक घडीची पक्कड होती. मिटली की मुठीत मावायची आणि उघडली की तिच्या दोन्ही दांड्यांमधून चाकू, कानस, छोटी करवत, सुई, स्क्रू फिरवायचे दोन-तीन पेचकस असं काय काय बाहेर यायचं. "ग्यारह काम, साहब! मिस्त्री को भूल जाओ," तो म्हणाला.

मी मिस्त्रीचाच मुलगा. मिस्त्रीला विसरणं मला या जन्मी शक्य नव्हतं, पण एकदा तरी त्याला हरवावं असं लहानपणापासून वाटायचं. मी पक्कड घेतली.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. नागऱ्याच्या पलीकडच्या एका गावात मी प्राथमिक शाळेवर गुरुजी होतो आणि राहायला त्याच गावात, आमच्या जुन्या घरी. आई, बाबा, बायको आणि मी. त्या पक्कडीने मी पहिली शस्त्रक्रिया केली ती शाळेच्या भिंतीवरच्या घड्याळावर. घड्याळ चालू झालं. हेडमास्तरांनी चहा पाजला. फक्त तासाचा काटा जरा सैल बसला होता. बारापर्यंत तो बरोबर चढायचा आणि एकदा का पलीकडे गेला, की स्वतःच्या वजनाने सरळ सहावर घसरायचा. पोरं दप्तरं उचलून घरी. तीन दिवस शाळा दुपारीच सुटली. चौथ्या दिवशी हेडमास्तरांनी चहाचे घोट परत मागितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

मग सहल. नागझिऱ्याला जाताना जीपची एक काच वर अडकली होती. मी गाडीवाल्याला म्हटलं, थांब. काच खाली आली, आणि ती दाराच्या आत अशी गेली की पुन्हा कोणाला दिसली नाही. जंगलाच्या फाटकाशी वानरांनी त्या खिडकीतून आमच्या पुऱ्यांचा अख्खा डबा नेला. पोरांनी उपाशीपोटी टाळ्या वाजवल्या.

घरी तर मोकळं रान होतं. कुकरच्या मुठीचा स्क्रू मी बदलला, तेव्हा मूठ बायकोच्या हातात आली आणि कुकर खाली राहिला. तेव्हापासून ती दारातच सांगायची, "खिशातलं ते आधी खुंटीला लावा, मग घरात या."

बाबा त्या पक्कडीला खेळणं म्हणत. एकदा त्यांनी तिचं एकेक पातं उघडून पाहिलं, अंगठ्याने दाबून पाहिलं, पुन्हा मिटलं.

"अकरा काम करते म्हनते का गा?"

"हो."

"एक तरी धड करते का?"

बाबांचा हक्क होता असं बोलायचा. गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये त्यांनी तीस वर्षं मशिनी सांभाळल्या होत्या. लहानपणी त्यांचा डबा घेऊन गेलो की मी बघत राहायचो. मशीन बिघडली की बाकीचे लोक ती उघडायला धावत. बाबा उघडत नसत. त्यांच्याजवळ लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस होता. त्याचं टोक ते चालू मशिनीच्या बेअरिंगवर टेकवत, मूठ कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटत. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. थोड्या वेळाने म्हणत, "हे रडून रायलं. आठ दिवसाचं सोबती." आठ दिवसांत ते बेअरिंग जायचंच. मालकसुद्धा त्यांच्या शब्दावर आधी नवीन आणून ठेवायचा.

त्याच मशिनींनी त्यांचे कान खाल्ले. मी दहावीला गेलो तोवर त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, असं ठरूनच गेलं होतं. वाचता येत असतं तर आम्ही चिठ्ठ्या तरी लिहिल्या असत्या. पण बाबांना वाचता यायचे ते फक्त बेअरिंगचे नंबर.

त्यामुळे आमच्या घरात गुपित कधी टिकलं नाही. बाबांना एखादी गोष्ट सांगायची म्हणजे ती अख्ख्या मोहल्ल्याला सांगणं आलं. सासरी असलेल्या माझ्या बहिणीला दिवस गेले तेव्हा आईने अंगणात उभं राहून ही आनंदाची बातमी बाबांच्या कानात घातली आणि शेवटी त्याच पट्टीत ओरडली, "अजून कोनाले सांगू नका!" समोरच्या नळावर पाणी भरणाऱ्या बायांनी तिथूनच सांगितलं, "नाई सांगत वो माय!"

आई आयुष्यभर विड्या वळायची आणि आयुष्यभर ओरडायची. मला वाटायचं तिचा आवाजच तसा आहे, पत्र्यासारखा.

मग गोंदियाला एक शिबिर झालं आणि बाबांना कानाची मशीन मिळाली. कानामागे अडकवायची, चिंचोक्याएवढी. तिच्यातून एक पारदर्शक नळी निघून कानात जायची. मशीन लावून बाबा घरी आले, खाटेवर बसले आणि वर पाहत म्हणाले, "आपल्या पंख्याले आवाज हाये!" जणू पंख्याने इतकी वर्षं त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं.

आई समोर बसली. तोंड उघडलं, सवयीने छाती भरून घेतली, आणि थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "आयकू येते का?"

"येते ना."

"मंग आता कायले ओरडू मी?"

तिचा खरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मऊ होता. थोडा खालचा, घशातल्या घशात हसणारा. बत्तीस-तेहतीस वर्षांचा मुलगा आणि मला माझ्या आईचा आवाज माहीत नव्हता. त्यानंतर ती दोघं संध्याकाळी खाटेवर बसून बोलत. काय बोलत, कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला आणि मोहल्ल्याला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

हे सुख वर्षभर टिकलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आईचा खोकला वाढला. तंबाखूचा धुरळा तिच्या छातीत किती वर्षं साठत होता, ते गोंदियाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून दाखवलं. नागपूरलाही नेऊन आणलं. शेवटी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, घरी न्या, दोन-चार महिने आहेत, त्यांना बोलायचा त्रास होऊ देऊ नका, दम लागेल.

आईचा सागाचा पलंग आम्ही खिडकीपाशी हलवला. तिचा आवाज आता कुजबुजीएवढा उरला होता. बाबा पलंगाच्या उशाशी स्टूल टाकून बसत, मशीन लावलेला कान तिच्याकडे करून. ती थोडं बोले, थांबे, पुन्हा बोले. ती मशीन नसती, तर त्या दिवसांत आई बाबांशी एक शब्दही बोलू शकली नसती. हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी पुढचं केलं.

पावसाळी हवेने मशीन ओलावली आणि खरखर करू लागली. बाबांनी काढून माझ्याकडे दिली. आई पलंगावरून हळूच म्हणाली, "कनकीच्या डब्यात ठेव बाबू."

आमच्याकडे ओलावलेली कुठलीही वस्तू तांदळाच्या चुरीत, म्हणजे कनकीत पुरून ठेवतात. काडेपेटी, टॉर्चचे सेल, सगळं. अख्खा तांदूळ कशाला खराब करायचा? आईचं बरोबरच होतं. नळीसकट मशीन तशीच ठेवली असती तर काही झालं नसतं. पण मी पडलो सुधारक. आतून हवा लागावी म्हणून मी नळी उपटून काढली आणि मशीन उघड्या भोकासकट कनकीत खुपसली.

सकाळी पाहिलं तर त्या भोकात कनकीचा एक दाणा बसलेला. पांढरा, एवढासा, दिसत होता. उलटी करून आपटली असती तर पडला असता कदाचित. फुंकर मारली असती तर. पण माझ्या खिशात अकरा कामं होती. मी पक्कडीतली सुई काढली आणि दाणा टोकरायला गेलो. दाणा आत गेला. मग त्याच्यामागे सुई गेली. मग मी बारीक पेचकसाने मशीन उघडली. आत केसासारख्या तारा होत्या. मी दाणा काढला, हे मला सांगायलाच हवं. दाणा मी काढला. त्याच्याबरोबर एक तार आली.

त्याच दिवशी गोंदियाला गेलो. कानाच्या मशिनी विकणाऱ्या दुकानदाराने भिंगातून पाहिलं, मग भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. "किसने खोला?"

"एक मिस्त्रीने."

"उसको बोलो, हल चलाए." मग म्हणाला, नागपूरला पाठवावी लागेल, पंधरा-वीस दिवस, आणि तरी भरवसा नाही.

बसमध्ये मी हिशोब मांडत आलो. मशीन पंधरा दिवस नागपूरला गेली, तर बाबांच्या कानात काहीच नसणार. ते आईला दिसणार. मग ती ओरडायला जाणार. तिच्यात ओरडायची ताकद नाही, आणि तरी ती ओरडणार, हे मी तिला ओळखून होतो. बाबांना खरं सांगून टाकावं तर ते ओरडूनच सांगावं लागणार, आणि चार हातांवर आई पडलेली. अंगणात नेऊन सांगितलं तरी खिडकी उघडीच. मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटलं: काही दिवस मशीन आहे तशीच कानात राहू द्यावी. नागपूरचं नंतर बघू.

घरी आलो. बाबांच्या कानामागे मेलेली मशीन अडकवली, नळी बसवली, नवा सेल टाकल्याची खूण केली आणि हाताने विचारलं, येतं ऐकू?

बाबांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग मान हलवली. "येते."

मला नवल वाटलं. थोडंफार चालत असेल, असंही वाटून घेतलं. माणूस स्वतःच्या चुकीला किती लवकर दुरुस्ती म्हणायला लागतो! आई उशीवरून बघत होती. तिच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर पडलो.

त्यानंतर हेच. आई बोलायला लागली की मी उठायचो. तिची कुजबुज सुरू झाली आणि बाबांची मान हलायला लागली की माझ्याने तिथे बसवत नसे. कधी सायकलची चेन आठवायची, कधी शाळेचं काम. बायको कामात असायची. त्या खोलीत मग ती दोघंच उरायची, एक बोलणारी आणि एक मान हलवणारा. ती काय सांगत होती? लग्नाच्या वेळचं काही? माझ्याबद्दल? मेल्यावर काय करायचं ते? मी खोलीच्या बाहेर असायचो.

दोन-तीन दिवसांनी बाबांनी माझ्यापुढे हात पसरला. "तुझं ते खेळनं दे."

मी चमकलो. पण दिली. काहीतरी दुरुस्त करायचं असेल, माझ्यासारख्या माणसाच्या हातून निसटलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारातून पाहिलं तर बाबा उशाशी नेहमीसारखे बसलेले. मशीनचा कान आईकडे. डोकं पलंगाच्या उशाकडच्या फळीशी झुकलेलं, आणि डावा हात फळीआड, आईला दिसणार नाही असा. पक्कड पूर्ण उघडून त्यांनी तिचा पेचकस ताणला होता आणि दुसरं टोक डाव्या कानामागे दाबलं होतं. डोळे मिटलेले. मला वाटलं कान खाजवताहेत. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हसून सांगितलं, "बघ, शेवटी बाबांना माझ्या पक्कडीचं एक काम सापडलं. कानातला मळ काढताहेत." ती हसली नाही. म्हणाली, "लागेल त्यांना. काढून घ्या." मी काढून घेतली नाही. दर दुपारी ते तसेच बसत.

एका मंगळवारी बाबा अंगणात येऊन म्हणाले, "बहिनीले बोलाव."

मी आवाज न करता, दोन बोटं दाखवून सांगितलं की डॉक्टरांनी अजून दोन महिने म्हटलंय.

"डॉक्टरले काय समजते? बोलाव."

बहीण गुरुवारी आली. शनिवारी आई गेली. दुपारची वेळ होती. मी शाळेत खिडकीची कडी बसवत होतो, दगडाने, कारण पक्कड बाबांकडे होती. कोणीतरी सायकलवर सांगायला आलं. घरी पोचलो तेव्हा बाबा स्टुलावरच होते. कानात मशीन होती.

विहारातली माणसं आली, पांढरी वस्त्रं आली, त्रिसरण झालं. सगळे बाबांच्या जवळ जाऊन हळू बोलत, कारण त्यांच्या कानात मशीन दिसत होती. बाबा सगळ्यांना मान हलवत होते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे गेले, बहीणही गेली. त्यानंतरच्या सकाळी बाबा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी मला बोलावलं. कानामागची मशीन काढली, नळी गुंडाळली आणि माझ्या हातात ठेवली. मग खिशातून पक्कड काढली.

"मशीन बंद हाये," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

मी खाली पाहिलं.

"तीस वर्षं मशिनी चालवल्या मी. बंद पडलेली मले नाई समजनार का गा?"

मग सांगितलं का नाही, हे मी हातानेच विचारलं असेन. किंवा माझ्या तोंडावर दिसलं असेल.

"ती हळू बोलून रायली होती. बरं वाटे तिले. मशीन बंद हाये म्हटलं असतं तर वरडली असती. दम होता का तिच्यात?" त्यांनी पक्कड दुसऱ्या हातात घेतली. "अन् तुलेबी काय बोलू? तू आधीच उंदरावानी पळून रायला होतास."

म्हणजे जे मी लपवत होतो तेच ते लपवत होते, आणि कारणही एकच. आम्ही दोघं बापलेक एकाच खोट्यात महिनाभर राहिलो, एकमेकांना न सांगता. सांगायला ओरडावं लागलं असतं.

मी पक्कडीकडे बोट केलं.

"पलंगाले लावून पाहे मी," ते म्हणाले. "मशिनीले लावो तशी. लाकूड बेस हाये, समजते."

"काय समजे?" हे मी ओरडलो.

"शब्द नाई समजत. बाई बोलून रायली, एवढं समजे. बोलली का लाकडात असं गुणगुण येये. थांबली का थांबे." त्यांनी हाताचा पंजा खाटेच्या पाटीवर ठेवला आणि काढला. "मंग त्या सोमवारी गुणगुण बदललं. खरखर आली. मले समजलं, आता आठ दिवसबी नाई."

समोर नळ आला होता. बायांच्या बादल्या लागल्या होत्या. बाबांनी पक्कडीचा पेचकस मिटला, मग सुई, मग कानस. एकेक करून. कोणतंही अवजार ते असंच नीट करून ठेवत.

"तू तर होतास ना घरात," ते म्हणाले. "तुले तर आयकू येते. काय म्हनून रायली होती ती? महिनाभर बोलली. सांग मले आता."

त्यांनी कान पुढे केला. रिकामा, मोठा, म्हातारा कान.

मी गोष्टी सांगणारा माणूस. घड्याळाची गोष्ट, वानरांची गोष्ट, कुकरची गोष्ट, चार माणसं जमली की मी सुटतो. त्या वेळी मी काहीही रचू शकलो असतो. तिने तुमची आठवण काढली, तुम्हाला जपा म्हणाली. कोण पकडणार होतं मला? पण महिनाभराच्या दुपारींतलं एकच वाक्य माझ्या कानावर पडलं होतं. पाण्याचा तांब्या ठेवायला गेलो होतो, तेव्हाचं. बाकी सगळ्या वेळी मी बाहेर सायकल उलटी करून बसलो होतो.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो, "म्हनाली, पोट्ट्यानं मशीन बेस बनवून देल्ली! त्याले हसत नोका जाऊ!"

नळावरचा आवाज थांबला. एका बाईची बादली भरून वाहत होती, तिने ती सरकवली नाही.

बाबांच्या तोंडावर जरासं काही हललं, हसू म्हणता येणार नाही असं.

"अजून?" त्यांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. ते माझ्याकडे पाहत नव्हते, कान पुढे करून अंगणाकडे पाहत होते.

"अजून काय म्हने?"

"मी नाई आयकलं, बाबा!" मी ओरडलो.

"काय म्हनतोस?"

"मी आयकलं नाई!"